आठ नंबरचा बोल्ट गोल झालाय? आधी पाना खाली ठेवा

मागच्या महिन्यात घरीच क्लच प्लेट बदलायला घेतल्या. १०० सीसीची साधी बाइक, नऊ वर्षं जुनी, घर रत्नागिरीत आणि पार्किंगला छप्पर नाही, म्हणजे खारी हवा बारा महिने आणि पाऊस चार महिने, दोन्ही फुल्ल. सायलेन्सर काढला, किक काढली, फूटरेस्ट सोडवला, उजव्या बाजूच्या क्लच कव्हरचे बोल्ट टी-पान्याने कट्ट कट्ट करत सुटत गेले आणि एक राहिला. पुढचा, खालच्या कोपऱ्यातला, जो बरोबर पुढच्या चाकाच्या चिखलाच्या लायनीत येतो तो. जरा जोर दिला तर पाना फिरला आणि बोल्ट होता तिथेच. बघतो तर डोक्याचे दोन कोपरे गेलेले. अर्धे कोपरे आधीच कोणीतरी खाल्लेले होते म्हणा, मागच्या वेळी एका गॅरेजवर दिली होती तेव्हा आठच्या बोल्टला आठ-नऊच्या पान्याची नऊची बाजू लावलेली असणार, पण आता बोलून काय उपयोग.

तर हा एक बोल्ट मी कसा काढला, आणि नसता निघाला तर पुढे काय काय करता आलं असतं, ते सगळं क्रमाने लिहितो. बोल्ट ६ एमएम जाडीचा, डोकं ८ चं, आतले आटे ॲल्युमिनियमच्या इंजिन केसमध्ये. तुमचा दुसरा कुठला असेल, नंबर प्लेटचा, चेन कव्हरचा, स्कूटरच्या सीव्हीटी (बेल्टच्या) कव्हरचा, तरी गणित बरंचसं हेच.

पहिल्यांदा पाना घसरला की थांबायचं

हे सांगायला सोपं आणि करायला भयंकर अवघड. कारण पाना घसरला की माणसाला राग येतो आणि तो अजून जोरात ओढतो. मीपण तेच केलं, दोनदा. तोटा असा की प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढच्या प्रयत्नाची जागा खातो. कोपरे शाबूत असताना सहा कोनी गोटी (सॉकेट) चालली असती, ती संधी मी दुसऱ्या झटक्यात घालवली. आधी वाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पकड) लावून डोकं चिरडलंत की मग ठोकून गोटी बसवायला काही उरत नाही. म्हणून ज्याने बोल्टचं कमीत कमी नुकसान होतं ते सगळ्यात आधी आणि ड्रिल सगळ्यात शेवटी.

दुसरं म्हणजे पाइप घालून पाना लांब करू नका. ६ एमएमचा बोल्ट कव्हरला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्कने (फिरवायच्या जोराने) बसवलेला असतो. साधा पाना १२ सेंटीमीटरचा धरा, त्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की तेवढं टॉर्क हातानेच झालं. तोच जोर ४० सेंटीमीटरच्या पाइपवर दिला तर जवळपास ४० न्यूटन-मीटर होतं आणि एवढासा बोल्ट त्याच्या अर्ध्यातच मान टाकतो. डोकं हातात आणि दांडा आत. चाकाच्या एक्सलला पाइप चालतो, इथे नाही.

आणि हो, उलटे आटे नाहीत ना हे बघून घ्या. क्लच कव्हरला नसतात, पण यामाहाच्या बाइकवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात आणि ते माहीत नसल्याने लोक तो आरसा सोडवायच्या नादात घट्ट करत बसतात.

अडकलाय कशाने ते बघा

टॉर्च घेऊन बोल्टच्या मुळाशी नीट बघा. लाल-तपकिरी दिसत असेल तर लोखंडाचा गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो पाचरीसारखा आट्यात बसतो. पांढरी भुकटी दिसत असेल तर ती ॲल्युमिनियमची. लोखंडी किंवा स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा केस आणि मध्ये खारं पाणी, की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं बिचारं ॲल्युमिनियम. समुद्राकाठच्या गाड्यांचा हा ठरलेला रोग. माझ्याकडे दोन्ही रंग होते.

या कव्हरला अजून एक भानगड असते. कव्हर जागेवर बसावं म्हणून दोन बोल्टांभोवती पोकळ डॉवेल पिना असतात. त्या नळीत पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, वर्षानुवर्षं तिथेच, म्हणून तेच दोन बोल्ट जास्त अडकतात. म्हणजे अडकलेले असतात आटे असं नेहमी नाही, कित्येकदा बोल्टचा दांडा डॉवेलमध्ये धरलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

कोणी थ्रेड लॉक लावला असेल, म्हणजे निळी किंवा लाल गोंदासारखी गोष्ट, तर तेल ओतून काही होत नाही. निळा बहुतेक साध्या पान्याने सुटतो, पण लाल असेल तर उष्णता चांगलीच लागते.

काम सुरू करायच्या आधी

इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोलचा कॉक बंद, आणि पुढे आग किंवा हीट गन वापरणार असाल तर टाकीच उतरवून लांब ठेवा. डोळ्याला चष्मा, आणि तो नंबरचा नको, बंदिस्त सेफ्टीवाला. ड्रिलचा कीस डोळ्यात गेला की बोल्ट-बिल्ट सगळं विसराल.

एक पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा आकार पेनाने काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून तो खोचून ठेवा. कव्हरच्या बोल्टांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, आणि लांब बोल्ट छोट्या भोकात गेला तर तळाला टेकून केस फुटते. मी आळस केला नाही याचा मला नंतर फार आनंद झाला.

आता एक उलटं वाटेल असं सांगतो. बाकीचे बोल्ट काढून झाले असतील तर दोन-चार परत घालून बोटाने जरा घट्ट करा. एकच बोल्ट राहिला की कव्हरचा सगळा ताण त्याच्यावर येतो आणि कव्हर तिरकं होऊन दांड्याला अजून आवळतं. शिवाय कव्हर बसलेलं असेल तोवर कीस आत जात नाही.

तेल, ठोका, थांबा

तारेच्या ब्रशने बोल्टचं मूळ घासून साफ करा, मातीवर तेल मारलं तर ते मातीच पिते फक्त. मग गंज सोडवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० चालेल पण ते मुळात १९५३ साली पाणी हटवून गंज धरू नये म्हणून बनवलेलं, नाव पण त्यावरूनच पडलंय, त्यामुळे खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते बरं. घरगुती जुगाड म्हणजे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं. हे चांगलं चालतं पण दोन्ही नीट मिसळत नाहीत, दरवेळी हलवून घ्यावं लागतं, रंगावर पडलं की रंग जातो आणि पेट घेतं, तेव्हा यानंतर लगेच आग बिलकुल नाही. काहीच नसेल तर डिझेल.

तेल मारल्यावर ठोका. हा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात स्प्रेने काही होत नाही. तेल स्वतःहून ३० एमएम दांड्याच्या कडेने आत जाणार नाही, त्याला बारीक फट लागते आणि ती ठोक्याने पडते. बोल्टच्या डोक्यावर मधोमध सपाट पंच धरायचा आणि हातोडीने सरळ, छोटे पण टणक असे आठ-दहा ठोके. कव्हरवर ठोका बसता कामा नये, ॲल्युमिनियमची ओतीव वस्तू आहे, तडकली की नवीन घ्या. मग परत तेल. मग जेवून या. शक्य असेल तर रात्रभर ठेवा आणि मध्ये तीन-चार वेळा हेच करा. मी शनिवारी संध्याकाळी सुरू केलं आणि रविवारी सकाळी हात लावला.

सकाळी काढायला जाऊ नका, आधी घट्ट करायला जा. खरंच. सुईच्या टोकाएवढा जरी घट्ट दिशेला हलला तरी गंजाची कड तुटते, मग उलटा. एकदा हलला की सरळ बाहेर ओढत सुटायचं नाही, पाव फेरा उलटा, थोडा परत सुलटा, तेल, परत उलटा. करकर असा कोरडा आवाज आला की समजायचं कचरा अडकतोय, मागे फिरा.

पकड कशी मिळवायची

डोकं अजून थोडं शाबूत असेल तर सहा कोनी गोटी घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्याच्या अगदी टोकाला धरते, सहा कोनी सपाट बाजूला धरते, फरक एवढाच पण तो फार मोठा आहे. घरगुती किटमध्ये बऱ्याचदा बारा कोनी मिळतात, एक ८ ची आणि एक १० ची सहा कोनी वेगळी घेऊन ठेवा, बाइकवर निम्मं काम त्या दोनवर होतं. डी-पाना म्हणजे उघड्या तोंडाचा पाना तर अशा बोल्टला लावायचाच नाही.

कोपरे थोडे गेले असतील तर इंची गोटी ठोकून बसवा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ एमएम, आठपेक्षा केसभर कमी, ती हातोडीने ठोकली की घट्ट बसते. पण काकांच्या जुन्या बुलेटच्या पेटीतला ५/१६ आणू नका. जुन्या बुलेटचे पाने व्हिटवर्थ मापाचे, त्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही, आणि त्या पान्याचं तोंड १५ एमएमच्या वर निघतं. मी आणला होता म्हणून सांगतोय.

जास्तच गोल असेल तर कानसीने समोरासमोरच्या अशा सहाही बाजू घासून ७ च्या करा आणि ७ ची गोटी ठोका. जागा असेल तर हा उपाय सगळ्यात स्वस्त. नाहीतर गोल बोल्टसाठीच्या उलट्या पेचाच्या गोट्या मिळतात, आतून चाकूसारख्या धारा असतात, जेवढं फिरवाल तेवढ्या रुततात. वारंवार काम करणाऱ्याने सेट घ्यायला हरकत नाही.

ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर तो या सगळ्यात भारी. हातोडी मारली की तो एकाच वेळी आत दाबतो आणि थोडासा फिरवतो, त्यामुळे घसरत नाही. दिशा आधी हाताने फिरवून तपासा, नाहीतर स्वतःच्या हाताने घट्ट करून बसाल. आणि ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे स्क्रू चिंध्या होतात ना, त्यांनाही हाच उपाय, फक्त तिथे डबी प्लास्टिकची असेल तर हातोडी नको. ते स्क्रू मुळात जपानी मापाचे असतात, डोक्यावर बारीक ठिपका असतो, आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि वर उचलला जातो. जपानी मापाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, तो घेतला की अर्धे स्क्रू खराबच होत नाहीत.

वाइस ग्रिप शेवटी. माझ्या बोल्टला खाली चकतीसारखी कड होती, त्या कडेवर ग्रिप चांगला बसला, पण ग्रिप आवळताना स्क्रू इतका घट्ट करायचा की दोन हातांनी बंद होईल. अर्धवट आवळलेला ग्रिप डोकं लिंबासारखं सोलतो. ग्रिपला जागा नसेल तर धारदार छोटी छिन्नी कडेवर तिरकी धरून डावीकडे फिरेल अशी ठोकायची, आधी सरळ ठोकून खाच पाडायची आणि मग तिरकी. आमच्याकडचे जुने मेस्त्री एवढ्यावरच काम करायचे.

गरम करणं

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, एका डिग्रीला दहा लाखात २३ भाग, तर लोखंड १२ भाग. म्हणजे आजूबाजूचा केस १०० डिग्रीने तापला तर ६ एमएमच्या भोकात सहा-सात मायक्रॉन ढिलाई येते. माणसाच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. म्हणूनच ॲल्युमिनियममधला बोल्ट असेल तर तापवायचं बोल्टला नाही, आजूबाजूच्या केसला.

हीट गन असेल तर उत्तम. पाच-सात मिनिटं गोल गोल फिरवत राहायचं, एका जागी धरायची नाही. पाण्याचा थेंब टाकला आणि चर्र करून उडून गेला की झालं, त्यापुढे तापवलंत तर गॅस्केट आणि किकच्या शाफ्टचं ऑइल सील शिजतं. ऑइल सील तसंही स्वस्त आहे, तापवलं असेल तर जोडताना नवीन टाका. बारीक ब्लोटॉर्चही चालते, पण इंजिनात तेल आहे, वर टाकी होती, वायरिंग शेजारून जातं, तेव्हा ओल्या फडक्याने वायरी झाका आणि शेजारी मातीची बादली ठेवा.

ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला आग लावू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतात आणि ते तापले की विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. पुसायचंच असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. आणि आधी मारलेला स्प्रेसुद्धा पुसून घ्या.

तापलेलं असताना मेणबत्ती बोल्टच्या मुळाशी टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं. माझा बोल्ट इथे पहिल्यांदा हलला, म्हणजे हलल्यासारखा वाटला, प्रत्यक्षात तो पिळला जात होता. पाना मऊ लागला, रबर फिरवतोय असं. ही जाणीव ओळखायला शिका, बोल्ट सुटताना कट्ट असा झटका लागतो, तुटायच्या आधी तो मऊ लागतो. मऊ लागला की सोडा.

डोकं उडवा, घाबरू नका

इथे बहुतेक जण गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेतात. गरज नाही. कव्हरच्या बोल्टचं डोकं गेलं म्हणजे बोल्ट हातचा गेला असं वाटतं, पण होतं उलटंच. डोकं निघालं की बोल्टवरचा ताण संपतो, कव्हर बाहेर ओढता येतं, आणि केसमधून २०-२५ एमएम दांडा सरळ बाहेर डोकावत राहतो. मग त्याला धरायला भरपूर जागा.

डोक्याच्या बरोबर मधोमध सेंटर पंचने खोलगट खूण करा. मध्य चुकला तर ड्रिल घसरून कव्हरच्या भोकाची कड खाणार, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त घालवा. आधी ३ एमएमचं ड्रिल, मग ६ चं. ६ चं अशासाठी की दांडा ६ चा आहे, तेवढं भोक डोक्याच्या उंचीइतकं गेलं की डोकं आपोआप अंगठीसारखं सुटतं. डोक्याची उंची साधारण ६ एमएम, तेव्हा ड्रिलच्या बिटवर ७ एमएमवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी टेकली की थांबा. मशीन हळू फिरवायचं, दाब जास्त, आणि दर थोड्या वेळाने तेलाचा थेंब. जोरात फिरवलं तर बिट निळी पडते, धार जाते आणि बोल्ट अजून कडक होतो. लांब कुरळा कीस निघतोय तोवर ठीक, भुकटी निघायला लागली की बिटची धार गेली.

डोकं सुटल्यावर कीस चुंबकाने आणि ब्रशने पूर्ण गोळा करून मगच बाकीचे बोल्ट काढा. कव्हरला रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत सैल करा. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, तिथे एकदा चरा पडला की तेल कायमचं गळतं. माझं कव्हर डॉवेलपाशी अडकलं होतं, उरलेल्या दांड्यावर तेल सोडून, थोडं आत-बाहेर करत पंधरा मिनिटांत आलं.

आणि मग मजा बघा. दांड्याला वाइस ग्रिप लावला, मुळाशी दोन थेंब तेल, थोडी हीट, आणि तो हाताने फिरला! आटे अडकलेलेच नव्हते. डॉवेलने दांडा धरून ठेवला होता. दोन दिवस मी चुकीच्या जागेला शिव्या देत होतो.

दांडा आतच तुटला तर

केसच्या पातळीला किंवा आत तुटला असेल तर पद्धती तीन, आणि निवड तुमच्या हाताच्या सफाईवर.

वेल्डिंगवाला जवळ असेल तर पहिली पसंती तीच. तुटक्या दांड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. लोखंडाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे केसला फारसा धोका नाही, आणि वेल्डच्या उष्णतेनेच गंज सुटतो, नट थोडा निवला की पाना लावून काढायचा. ६ एमएमला हात नाजूक पाहिजे. गाडी एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर बॅटरी काढा आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचा कपलर सोडवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका, अर्थिंगचा क्लॅम्प पण कामाच्या अगदी जवळ.

ड्रिल करायचं असेल तर मध्य सापडणं हीच सगळी लढाई. लेथवाल्याकडून बाहेरून ६ आणि आतून ३ एमएम भोकाची छोटी बुशिंग (नळी) करून घ्या, कव्हर परत बसवून दोन बोल्टने आवळा आणि कव्हरच्या भोकात ती बुशिंग घालून तिच्यातून ड्रिल करा. आपोआप सरळ आणि मधोमध. डाव्या हाताची, म्हणजे उलट फिरणारी ड्रिल बिट मिळाली तर ती घ्या, बऱ्याचदा ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो. ३, मग ४, मग फार तर ५. सहाच्या आट्यांसाठी टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) भोक ५ चंच असतं, त्याच्या पुढे गेलात तर आटे खाल्ले.

तिसरा तो इझी-आउट, म्हणजे तुटक्या दांड्यात भोक पाडून त्यात रुतवायचा आणि उलटा फिरवायचा पेच. मला स्वतःला तो आवडत नाही. एवढ्या बारीक मापाचा इझी-आउट काचेसारखा असतो, जोर तिरका झाला की आत मोडतो, आणि तो बोल्टपेक्षा कितीतरी कडक असल्याने साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. मग केस उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवाल्याकडे) न्यावी लागते, आमच्याकडून म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूर, उद्यमनगर. पुण्यात भोसरी, नाशकात अंबड, ठाण्यात वागळे इस्टेट, तिथे शोधा. वापरणारच असाल तर आधी गरम करा, टी हँडलने दोन्ही हातांनी सारखा जोर द्या, आणि अडला की सोडून द्या.

आटे गेलेच तर हेलिकॉइल. ६.३ चं भोक, त्याच्या किटमधला टॅप, मग तारेची स्प्रिंग आत. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. ८ एमएमचे आटे पाडून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कव्हरचं भोक ६ चं आहे, मग ते पण मोठं करा, डॉवेल पण जाते, नुसता व्याप.

ब्रेक कॅलिपर किंवा चाकाच्या एक्सलचं काही आत तुटलं असेल तर मात्र यातलं काही घरी करू नका, मशीन शॉपला द्या.

परत बसवताना

ड्रिल केलंय म्हणजे इंजिन ऑइल बदलायचं. कीस आत गेला नाही अशी खात्री असली तरी बदलायचं.

भोकातले आटे ६ च्या टॅपने हाताने साफ करा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मग भोकात हवा मारा. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकात तेल साचू देऊ नका, बोल्ट आत जाताना त्या तेलाला जागा मिळत नाही आणि केस फुटते. डॉवेल काढून बारीक पॉलिश पेपरने आतून-बाहेरून घासा, ग्रीसचा हात फिरवून परत. गॅस्केट नवीन, जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा.

बोल्ट सगळेच नवीन घ्या, एक खराब झाला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत. हल्ली स्टेनलेसच्या ॲलन बोल्टचे चकाचक सेट मिळतात, दिसतात छान, पण किनारपट्टीला स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमची जोडी वर सांगितलेली बॅटरी अजून जोरात चालवते. लावायचेच तर कॉपर ग्रीस किंवा ॲन्टी-सीझ (आटे परत अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावल्याशिवाय नाही. मी साधे झिंकवाले घेतले आणि प्रत्येकाच्या आट्यांना आणि दांड्याला पातळसा ॲन्टी-सीझ लावला. तो लावला की आटे निसरडे होतात, तेव्हा टॉर्क थोडा कमी, मी १२ ऐवजी ९ ठेवला. सगळे आधी बोटाने, मग समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, रात्री खाली कोरा पांढरा पुठ्ठा सरकवला. सकाळी एकही डाग नव्हता. बोल्ट खोचलेला तो पहिला पुठ्ठा टाकू नका, प्रत्येक भोकाशेजारी बोल्टची लांबी लिहा आणि गाडीच्या कागदांबरोबर ठेवून द्या. माझ्या कव्हरला तीन वेगवेगळ्या लांब्या निघाल्या.